माग करूरला हलवण्याआधी: इचलकरंजीच्या एका यंत्रमागधारकाला उत्तर

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. घरचे २४ साधे यंत्रमाग, ५२ इंची. वडील आणि काका मिळून चालवतात, गेली काही वर्षं खर्चीवर. व्यापारी बिमं (उभे धागे गुंडाळलेले रूळ) आणि सूत देतो, तुम्ही विणून देता, पिकावर, म्हणजे टाकलेल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर, मजुरी मिळते आणि वीजबिल भरल्यावर हातात उरतं ते पाहुण्यांना सांगण्यासारखं नसतं. मध्यंतरी तिरुपूरला मित्राच्या लग्नाला गेलात, येताना त्याने तमिळनाडूतलंच करूर दाखवलं. एवढंसं गाव, पात्रात धड पाणीही नसलेली नदी, आणि तरी कोवै (कोइंबतूर) रोडवर निर्यातदारांच्या पाट्यांमागून पाट्या. आता विचारताय की १२ माग उचलून तिकडे शेड घ्यावी का, जॉबवर्क बारमाही मिळेल का.

मी इचलकरंजीचीच. टेक्स्टाइलची पदवी घेऊन २००३ साली करूरला मर्चंडायझर, म्हणजे गिऱ्हाइकाची ऑर्डर सांभाळणारी, म्हणून लागले. दोन वर्षांत परत येणार होते, राहिले. आता ऑर्डर हाताळायचं आणि माल तपासायचं स्वतःचं छोटं काम आहे. तिकडेही मला सगळे अक्काच म्हणतात, त्यामुळे फार परकं कधी वाटलं नाही.

उत्तर आधी सांगते: माग हलवू नका. कारणं मात्र सविस्तर सांगायला हवीत, कारण ती कळली की करूरकडून घेण्यासारखं काय आहे तेही कळेल.

तुम्ही कोवै रोडवर आणि सेंगुंदपुरमच्या गल्ल्यांत जे पाहिलंत ते माग नव्हते. करूर शहरात ऑर्डर येते, नमुना बनतो, कापड कापलं जातं, शिवलं जातं, तपासून खोक्यात बसतं आणि तुतिकोरिन बंदराच्या वाटेला लागतं. विणकाम बरंचसं आसपास पसरलेलं आहे: वेळ्ळकोविल, चेन्निमलै, सोमनूर, पल्लडम. सूत दिंडिगल, उडुमलै, कोइंबतूरकडच्या गिरण्यांतून येतं. देशातल्या सूत कातायच्या चात्यांपैकी जवळजवळ निम्म्या तमिळनाडूत आहेत, आणि त्यांना लागणारा बराच कापूस आपल्या विदर्भ-मराठवाड्यातून जातो. हे मी दरवेळी सांगते तेव्हा घरचे चिडतात, पण आहे ते आहे.

तिथल्या मागवाल्याचं काय? तो तुमच्यासारखाच. त्यालाही बिम व्यापाऱ्याचं, मजुरी पिकावर. पल्लडम-सोमनूरचे मागवाले मजुरीवाढीसाठी अधूनमधून माग बंद ठेवतात, बैठका होतात, करार होतो आणि तो पाळला जात नाही म्हणून पुन्हा बंद. वाचताना गाव बदलून इचलकरंजी घातलं तरी चालेल. म्हणजे १२ माग घेऊन तुम्ही तिकडे गेलात तर भाषा न येणारे, उसनी शेड घेतलेले, त्याच रांगेतले शेवटचे मागवाले व्हाल. दर पडला की पहिलं काम तुमचं थांबणार.

मग पैसा कुठे आहे? एक साधा किचन टॉवेल घेऊ, ५० बाय ७० सेंटीमीटर. कापड दर चौरस मीटरला २०० ग्रॅमचं धरलं तर एक नग ७० ग्रॅमचा, किलोमागे १४ नग. इंचाला ४४ पिकं आणि दुमडीसकट ३० इंच लांबी म्हणजे १,३२० पिकं. तुमचा माग मिनिटाला १३० पिकं टाकत असेल तर दहा मिनिटं. रुंदीत दोन टॉवेल शेजारी-शेजारी निघतात, म्हणजे नगाला मागाची पाच मिनिटं. खर्चीवर तुम्हाला पैसे मिळतात ते या पाच मिनिटांचे. त्यानंतर मी एकदा मोजलं होतं: कापडाला कात्री लागल्यापासून खोक्याला पट्टी लागेपर्यंत त्या टॉवेलला अकरा जणांचे हात लागतात. कापणं, चार बाजू दुमडून शिवणं, टांगायचा लूप, लेबल, सुटे धागे कातरणं, डाग बघणं, इस्त्री, सुईचं मोडकं टोक राहिलं नाही ना म्हणून मेटल डिटेक्टरमधून काढणं, घडी, कागदी पट्टी, बारकोड. यातल्या प्रत्येक हाताला दर आहे, आणि सगळ्यांच्या वर ज्याने ऑर्डर आणली त्याचा हिस्सा आहे. ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेलं बिनरंगी, कापड विकणारा ही सगळी साखळी दुसऱ्याच्या हवाली करतो. आपलं कापड पाली-बालोत्र्याला जाऊन रंगतं, तिथून आणखी कुठे जाऊन शिवलं जातं, आणि त्याचं शेवटी काय झालं हे विणणाऱ्याला माहीतही नसतं. करूरने ही साखळी एका गावात धरली. सत्तरच्या दशकात हातमागाचं कापड बाहेर पाठवता पाठवता तिथले व्यापारी टेबलक्लॉथ, नॅपकिन, एप्रन, खुर्चीच्या गाद्या, ओव्हनचे हातमोजे असा तयार माल द्यायला शिकले. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला, म्हणजे मागाच्या बाबतीत आपण कुणाच्या मागे नव्हतो. आपण कापडाच्या ताग्यावर थांबलो.

यात करूरला एक जुना फायदा होता, तो सहज नक्कल करता येणारा नाही. भांडवल गावचंच होतं. करूर वैश्य बँक १९१६ची आणि लक्ष्मी विलास बँक १९२६ची, दोन्ही याच गावात निघालेल्या. (दुसरी २०२०मध्ये बुडता बुडता डीबीएस बँकेत विलीन झाली, तेव्हा गावात सुतक पडल्यासारखं वातावरण होतं.) ऑर्डर हातात आहे पण सुताला पैसे नाहीत, अशा वेळी व्यापारी माणूस ओळखून कर्ज देणारा व्यवस्थापक शेजारच्या गल्लीत असणं ही लहान गोष्ट नाही. परदेशी गिऱ्हाइकाचीही गावाला सवय जुनी. चेर राजांची राजधानी म्हणून करूरचं नाव घेतात आणि अमरावतीच्या पात्रात रोमन नाणी सापडली आहेत. आमच्याकडचे एक वयस्कर कटिंग मास्टर दर जानेवारीत मालक फ्रँकफर्टच्या प्रदर्शनाला निघाले की म्हणत, आता आपण नाणी आणायला जातो, पूर्वी ती बोटीने यायची.

आता नदीकडे येते. तुम्ही तिचा उल्लेख एका ओळीत केलाय, पण धंद्याचा सगळा हिशेब तिच्यापाशी येऊन अडतो.

अमरावती आनमलै डोंगरात उगम पावते, उडुमलैजवळ तिच्यावर धरण आहे, आणि करूरवरून पुढे जाऊन ती कावेरीला मिळते. धरणाखाली तिला पाणी येतं ते पावसात किंवा सोडलं तर. तरी रंगशाळा, म्हणजे सूत-कापड रंगवायचे कारखाने, तिच्याच काठी आल्या, कारण काठावरच्या विहिरींना पाणी होतं आणि वापरलेलं पाणी सोडायला पात्र होतं. तमिळमध्ये रंगशाळेला सायप्पट्टरै म्हणतात. मी गेले तेव्हा कुठल्या पट्टरैत कुठला रंग चाललाय हे पुलावरून सांगता यायचं.

लोक रंगाला घाबरतात. खरी अडचण मिठाची आहे. सुती धाग्यावर रिअॅक्टिव्ह रंग चढवायचा तर बाथमध्ये, म्हणजे रंगाच्या पाण्यात, मीठ घालावंच लागतं, त्याशिवाय रंग पाणी सोडून धाग्याकडे येत नाही. गडद छटेला लिटरमागे ६० ग्रॅम धरा. एक टन सुताला आठ टन पाण्याचा बाथ, म्हणजे ४८० किलो मीठ. एका टन लाल सुतामागे जवळजवळ अर्धा टन मीठ, आणि त्यातलं काहीही धाग्यात राहत नाही. सगळं पाण्यात. रंग गाळ करून काढता येतो, जिवाणू सोडून सेंद्रिय घाण खाऊन टाकता येते. विरघळलेलं मीठ दोन्हीला दाद देत नाही. ते नदीत जातं, नदीतून विहिरीत, विहिरीतून नारळाच्या आणि हळदीच्या मुळाशी. शेजारच्या नोय्यल नदीवर ओरत्तुपाळयमला शेतीसाठी धरण बांधलं आणि ते तिरुपूरच्या रंगीत पाण्याचं तळं होऊन बसलं. खालचे शेतकरी न्यायालयात गेले, वर्षानुवर्षं लढले आणि जानेवारी २०११मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिरुपूरच्या रंगशाळा बंद करायला लावल्या. एक थेंबही बाहेर सोडायचा नाही, ही अट आधीचीच होती, ती आता सक्तीची झाली. करूरच्या पट्टऱ्यांनाही तीच अट, आणि लहान लहान होत्या त्यातल्या बहुतेक उठल्या.

एकही थेंब बाहेर न सोडणं म्हणजे काय, हे तुम्ही एकदा डोळ्याने बघा. आधी जैविक प्रक्रिया, मग गाळणी, मग आरओ. आरओमधून चांगलं पाणी परत मिळतं आणि मागे खारट रस्सा उरतो. तो उकळून आटवायचा. त्यातलं मीठ शक्य तितकं परत रंगाला वापरायचं, आणि जे वापरता येत नाही ते पिशव्यांत भरून शेडखाली ठेवायचं. उकळायला जळण, आरओला वीज. हा खर्च रंगाच्या दरात येतो आणि पाच-दहा टन क्षमतेच्या पट्टरैला तो झेपत नाही. म्हणून आज करूरचा पुष्कळ माल पेरुंदुरै-इरोडकडे रंगून येतो.

२०११च्या उन्हाळ्यातलं माझं एक प्रकरण सांगते. लाल-पांढऱ्या चौकटीचे टॉवेल, तीन नगांचा संच. नेहमीची रंगशाळा बंद. मी मागाच्या तारखा आधीच घेऊन ठेवल्या होत्या, माग रिकामे ठेवता येईनात, म्हणून लाल सूत जिथे जागा मिळाली तिथे दिलं: तीन ठिकाणी तीन लॉट. प्रत्येक लॉट नमुन्याशी लावून पाहिला तेव्हा चालण्यासारखा होता. संच बांधल्यावर एकाच पट्टीत तीन लाल दिसायला लागले, एक वीटकरी, एक कुंकवासारखा, एक गुलाबीकडे झुकलेला. चाळीस बायकांनी चार दिवस बसून संच सोडले आणि लाल-लालची जोडी लावली. तोवर जहाज निघून गेलं. अर्धा माल विमानाने गेला, खर्च आम्ही सोसला, आणि त्या वर्षीचा माझा बोनस अर्थातच त्यात उडाला. तेव्हापासून मी कुठलीही ऑर्डर आली की रंगशाळेची तारीख आधी घेते, मागाची नंतर. माग कुठेही मिळतो. तुमच्यासारखे शंभर मागवाले काम शोधत असतात, आणि हे मी कुचकटपणे म्हणत नाही, माझेही वडील त्यातलेच.

म्हणून करूर वाढतंय असं तुम्ही म्हणता तेव्हा मी विचारते, नेमकं काय वाढतंय? गेल्या वीस वर्षांत मी जे वाढताना पाहिलं त्यात नदीचं पाणी न लागणारे धंदे पुढे आहेत. मच्छरदाणीचं घ्या. तिचा धागा प्लास्टिकचा, आणि रंग दाणे वितळवतानाच मिसळतात, त्यामुळे बाथ नाही, मीठ नाही, पट्टरै नाही. बसच्या बॉडी बांधायचे कारखाने घ्या, दक्षिणेतल्या कितीतरी खासगी बस करूरमध्ये अंगावर पत्रा चढवून निघतात. तिथेही पाण्याचा प्रश्न नाही. होम टेक्स्टाइलमध्ये शिलाईच्या शेडा मोठ्या होत गेल्या, तपासणी कडक झाली, ओडिशा-बिहारची मुलं कामाला आली. रंगकाम गावात वाढलं नाही, आणि वाढेल असं मला वाटत नाही.

पंचगंगेकाठी राहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नसावी. २०१२ची दूषित पाण्याने पसरलेली कावीळ आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. तुमच्या पत्रात शेवटी 'पुढे जमलं तर छोटं डाईंगही टाकू' असं आहे, ते वाक्य खोडून टाका. छोटं डाईंग असा प्रकार आता करूरमध्ये राहिलेला नाही. आपल्याकडे अजून आहे, त्याचं कारण काय आणि ते किती दिवस टिकेल, हे तुम्हीच ठरवा.

आता काय करता येईल. इथे बऱ्याच गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत: अंगावर कर्ज किती, काका तयार आहेत का, तुमचा सध्याचा व्यापारी बिमं थांबवेल का. त्या मला माहीत नाहीत, तेव्हा मागाचंच बोलते.

५२ इंची साध्या मागावर टेबलक्लॉथ होणार नाही. दीड मीटरचा तयार टेबलक्लॉथ हवा तर दुमडीला चार सेंटीमीटर, धुतल्यावर आटणारे सहा टक्के आणि मागावरून उतरताना आत येणारे पाच-साडेपाच टक्के धरून फणीत (उभे धागे ज्यातून जातात ती, मागाची रुंदी ठरवणारी) ६८ इंच लागतात. तो विषय संपला. टॉवेल मात्र बसतो. ५० सेंटीमीटरचे दोन, दुमडीसकट १०८, तोच हिशेब केला की फणीत ४८ इंच. तुमच्या मागाला आडवा धागा नेणारा एकच धोटा असणार, त्यामुळे आडव्या धाग्यात एकच रंग. चौकटी नकोत, उभे पट्टे घ्या. पट्ट्याचा रंग बिमात येतो, मागाला काही करावं लागत नाही. रंगीत सूत विकत घ्या, पाण्याचा पूर्ण हिशेब देणाऱ्या रंगशाळेचंच, आणि संपूर्ण ऑर्डरचं एकाच लॉटमधून. महाग पडेल. तीन लालांपेक्षा स्वस्तच पडेल.

२४पैकी दोनच माग यावर लावा, २२ खर्चीवर चालू द्या. शिलाईला गावात माणसं आहेत. पहिलं गिऱ्हाईक परदेशात शोधू नका. पुण्या-गोव्याची हॉटेलं, देशातले ऑनलाइन विकणारे ब्रँड, यांना दोनशे-पाचशे नग लागतात आणि ते चूक झाली तर फोन करून शिव्या देतात. परदेशी गिऱ्हाईक शिव्या देत नाही, थेट पैसे कापतं. शिवाय २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला तेव्हा करूरमध्ये तयार खोकी गोदामात अडकलेली मी पाहिली आहेत. ज्यांच्याकडे दुसरं गिऱ्हाईक होतं ते तगले. हे दर बदलत राहतात, पण पहिल्याच ऑर्डरला हा जुगार तुम्ही खेळू नये.

आणि करूरला जायचंच असेल तर मागांऐवजी माणूस पाठवा. तुम्ही लिहिलंय की धाकटी बहीण बी.कॉम. झाली आहे आणि खर्चीचे हिशेब तीच बघते. तिला सहा महिने एखाद्या निर्यातदाराकडे शिकाऊ मर्चंडायझर म्हणून ठेवा. पगार खोलीभाड्यापुरता मिळेल. पण नमुन्याची चिठ्ठी कशी वाचायची, दर कसा काढायचा, शंभर नगांत किती दोष चालतात, गिऱ्हाइकाला 'होणार नाही' कधी आणि कसं सांगायचं, हे सहा महिन्यांत अंगवळणी पडेल. पहिल्या आठवड्यात नूल म्हणजे सूत, तरि म्हणजे माग, पावु म्हणजे ताणा एवढं आलं की पुढचं शेडमधल्या बायका शिकवतात. शेडमध्ये हिंदीही आता चालते. घरचे 'मुलीला इतक्या लांब' म्हणतील. माझेही म्हणाले होते. काकांना म्हणावं, मला फोन करा.

एक विचारायचं राहिलं. मागावर ५२ लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा जुन्या मालकाने सांगितलेलं असतं, मोजलेलं नसतं. सगळ्या मागांची फणी टेप लावून मोजा आणि आकडे पाठवा. ४८पेक्षा एक इंच जरी कमी निघाली तरी टॉवेलचं माप बदलून हिशेब पुन्हा करावा लागेल.